आईसाठी ओळखीचे डॉक्टर व्हिडिओवर बरे, की अ‍ॅपवरचे अनोळखी?

मनीषनगरवाली (मंगळवार, रात्री १०.२०)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

माझी आई ७१ वर्षांची, नागपूरच्या महाल भागात राहते. वाड्यात खाली दोन बिऱ्हाडं आहेत, पण वरच्या दोन खोल्यांत ती एकटीच. मी मनीषनगरला. तिला साखरेचा त्रास १६ वर्षांपासून, बीपी त्याच्याही आधीपासून. गोळ्या तीन: साखरेच्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, बीपीची टेल्मिसार्टन. आमच्या डॉक्टरांचा दवाखाना बडकस चौकाजवळ होता, ३० वर्षं. माझे गोवर-कांजिण्या त्यांनीच पाहिले, बाबांचं शेवटचं आजारपणही त्यांनीच. आम्ही त्यांना डॉक्टरकाका म्हणतो. मागच्या वर्षी त्यांचीच बायपास झाली, दवाखाना बंद केला आणि मुलीकडे पुण्याला गेले. जुन्या पेशंटांसाठी मात्र मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल घेतात. फी घेत नाहीत. पुण्याला जाणाऱ्या कोणाच्याही हाती आई संत्रा बर्फीचा डबा पाठवते, तीच फी.

तर हा कॉल म्हणजे आमच्याकडे एक कार्यक्रमच असतो. आई साडी बदलते. पलंगावरची चादर बदलते, जशी काही डॉक्टरकाका पलंगावरच येऊन बसणार आहेत. फाईल मांडीवर. मग पंधरा मिनिटांतली अकरा मिनिटं काकूंचे गुडघे, त्यांच्या नातीची दहावी आणि "पुण्यात पाणी कसं आहे" यात जातात. मग काका विचारतात, "तब्येत कशी वहिनी?" आई म्हणते, "तुमच्या कृपेनं छान." झालं. पण हेही सांगते की गेल्या महिन्यात काकांनी नुसता चेहरा बघून विचारलं, "डोळे ओढलेले दिसतात, झोप होत नाही का?" आणि खरंच होत नव्हती. मी आठवड्यातून तीनदा तिच्याकडे जाते, माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आता दुसरी बाजू. आमच्या ह्यांच्या कंपनीच्या विम्यात एक अ‍ॅप मिळालं आहे, घरातल्या सगळ्यांना डॉक्टर फुकट. एप्रिलमधल्या एका सोमवारी दुपारी चारला आईचा फोन आला, "मला घाबरल्यासारखं होऊन राहिलं." बाहेर ४३ अंश. सोमवार म्हणजे काकांचा वार नाही, फोनही लागेना. मी धावत गेले आणि तिथून अ‍ॅप लावलं. दहा मिनिटांत एक डॉक्टर आले. हिंदी बोलणारे. आईचं हिंदी भाजीवाल्यापुरतं. ती म्हणाली, "मेरे को घाबरल्यासारखा होता है." ते म्हणाले, "घबराहट? कोई टेंशन है माताजी?" आई म्हणाली, "टेंशन तो रहताच है." चार मिनिटांत कॉल संपला. कागदावर चिंतेचा त्रास, मोठे श्वास घ्या, ओआरएस घ्या, पुन्हा झालं तर फिजिशियनला दाखवा. त्यांची तरी काय चूक म्हणायची? आपल्याकडे बायकांना धडधडलं, घाम फुटला, हातपाय गळाले की सगळ्याला शब्द एकच, घाबरल्यासारखं. मला मध्ये बोलायला हवं होतं. बोलले नाही.

मे महिन्यात परत तेच. त्या दिवशी मी सुटीवर होते, तिच्याकडेच. संध्याकाळचे पाच. टेकडीच्या गणपतीला जाऊन आली होती, रांगेतच गरगरलं म्हणाली. घामानं ब्लाउज भिजलेलं, हात थरथरत होते. अ‍ॅप लावलं. या वेळी एक बाई होत्या, परभणीकडच्या, तिशीतल्या असतील. मराठी ऐकूनच आई निम्मी बरी झाली. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सकाळपासून काय काय खाल्लं?"

आई म्हणाली, "काही नाही. संकष्टी आहे ना."

"आणि गोळ्या?"

"घेतल्या की. ती एक जेवणाआधीच घ्यायची आहे."

जेवण मात्र चंद्र उगवल्यावर, रात्री नऊनंतर.

घरात साखर मोजायचं मशीन आहे का, असं त्यांनी विचारलं. होतं, कपाटात, गौरीच्या मुखवट्यांच्या मागे. पट्ट्यांची मुदत नशिबानं संपलेली नव्हती. ५८ आली, म्हणजे फारच खाली. तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायला सांगितली आणि म्हणाल्या, मी कॉल बंद करत नाही. पंधरा मिनिटं थांबल्या. परत मोजली, ८४. मग म्हणाल्या, आता पोळी-भाजी खा, कारण ही ग्लिमेपिराइड लवकर उतरत नाही, साखर परत खाली जाऊ शकते. आई म्हणाली, चंद्र दिसायच्या आधी पोळी नाही. मग दोघींची घासाघीस झाली आणि दोन केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि पेलाभर दूध यावर तडजोड ठरली. तो दिवस आणि ती रात्र दर दोन तासांनी मोजा, उपासाच्या दिवशी ती गोळी नेहमीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि या आठवड्यात कोणाला तरी प्रत्यक्ष दाखवा, असं सांगितलं. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्या डॉक्टरांना हे उपास माहीत आहेत ना?"

आईनं माझ्याकडे बघितलं आणि मग खिडकीकडे.

गोष्ट अशी आहे की दहा-बारा वर्षांपूर्वी डॉक्टरकाका तिच्यावर भडकले होते. उपास सोडा नाहीतर माझ्याकडे येऊ नका, म्हणाले होते. तेव्हापासून आई त्यांना सांगते की उपास सोडले. सोमवार आणि संकष्टी दोन्ही चालूच आहेत. कॉल असतो मंगळवारी, तोवर ती जेवून-खाऊन ठणठणीत.

मी विचारलं, मग या बाईंना कसं सांगितलंस? म्हणाली, "तिला सांगायला काय, ती मला थोडीच ओळखते!" आणि दोन दिवसांनी मी म्हटलं की अ‍ॅपवरच दाखवत जाऊ, तर म्हणते, "नको गं. ती मला थोडीच ओळखते!"

अ‍ॅपवर तेच डॉक्टर परत मागता येत नाहीत, मी पाहिलं. दर वेळी नवीन माणूस, पहिल्यापासून सगळं सांगा. काकांना खरं सांगायचं म्हटलं तर आईनं गळ्याशपथ घातली आहे. आज मंगळवार होता. कॉल झाला. "छान आहे" म्हणाली. मी शेजारी बसून गप्प राहिले आणि आता झोप येत नाही म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या घरी काय करता?

निवृत्त_बाबू (मंगळवार, रात्री ११.०५)

ताई, आधी आईला प्रत्यक्ष दाखवा, बाकी मग बोलू. ओळखीचा डॉक्टर तो ओळखीचाच. माझं वय ६८, काटोल रोडला राहतो. मुलानं असंच अ‍ॅप घालून दिलं. त्या पोरानं मला नाव विचारलं, वय विचारलं, पत्ता विचारला, ओळखपत्र दाखवा म्हणाला. मी म्हटलं, बापा, मी तपासायला आलो की जामीन मागायला?

मात्र माझ्या नेहमीच्या डॉक्टरवरही माझा राग आहे. २० वर्षांची ओळख, पण झोपेची गोळी फोनवरून लिहून देत नाही. बीपीची देतो, ही नाही. या म्हणतो. मे महिन्यात दुपारी स्कूटरवर जाऊन एक चिठ्ठी आणायची. ओळखीचा उपयोग काय मग?

मिहानचा_पोट्टा (बुधवार, सकाळी ९.४०)

मी उलट्या पार्टीतला. आमचे फॅमिली डॉक्टर आणि माझे वडील रोज संध्याकाळी एकाच कट्ट्यावर बसतात. आता सांगा, जांघेत खाज सुटली तर मी त्यांना व्हिडिओवर काय दाखवू? एकदा नुसतं पित्तासाठी गेलो होतो तर घरी पोहोचायच्या आत आईला माहीत, "काहून बाहेर सावजी खाऊन राहिला?" काकांच्या मनात काही वाईट नसते, पण नागपूर केवढंसं आहे राजा.

अ‍ॅपवर एक अनोळखी डॉक्टर, बहुतेक केरळचे. पाच मिनिटांत मलम लिहिलं, दोन आठवड्यांत साफ. मागच्या वर्षी नाइट शिफ्टनं डोकं फिरलं होतं तेव्हाही मी ओळखीच्या कोणाला सांगितलं नाही. १४४१६ ला फोन केला, सरकारचं टेलि-मानस, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन. मराठीत बोलले. चेहरा दिसत नाही हेच बरं वाटलं.

पण आईचं विचाराल तर ती माझ्यासोबत अ‍ॅपवर बसत नाही. "मोबाइलमधला डॉक्टर" म्हणते, जसं काही तो खरा नाहीच.

भिवापुरी_मिरची (बुधवार, दुपारी १.१५)

तुमची सगळ्यांची चर्चा वाचून थोडं हसू आलं, राग मानू नका. ओळखीचा की अनोळखी हा प्रश्न पडायला आधी ओळखीचा डॉक्टर असावा लागतो. आमचं गाव भिवापूर तालुक्यात, गावात डॉक्टर कधीच नव्हता. बाजाराच्या दिवशी भिवापूर नाहीतर उमरेड, आणि जास्त झालं तर नागपूरला मेडिकल कॉलेजच्या सरकारी दवाखान्यात. तिथे जो भेटेल तो डॉक्टर, पुढच्या वेळी दुसरा.

आता उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) ताई बसतात. त्या ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या व्हिडिओ सेवेवर, डॉक्टर लावून देतात. पडद्यावरचा डॉक्टर दर वेळी वेगळा असतो, त्याचं नाव कोणाच्या लक्षात राहत नाही. पण ताई त्याच. माझ्या सासूबाईंचं बीपी त्या मोजतात, पडद्यावर सांगतात त्या, आणि सासूबाई खोटं बोलल्या की मध्येच टोकतात त्याच. "आजी, लोणचं बंद केलं म्हणता, मग परवा अंगणात बरण्या कशाच्या होत्या?" पडद्यावरचा डॉक्टर हसत होता. रेंज गेली की थांबायचं, गोळी साठ्यात असली तर तिथेच मिळते, नसली की परत तालुक्याला चक्कर. सगळं गोड नाही.

मला वाटते तुमच्या आईच्या कॉलमध्ये ती ताई नाही. तुम्ही आहात, पण तुम्ही गप्प बसता. एप्रिलमध्येही गप्प, काल पण गप्प.

मनीषनगरवाली (बुधवार, दुपारी २.३०)

मिरची नाव शोभतं तुम्हाला. झोंबलं, पण बरोबर आहे.

धंतोलीबाहेरचा_डॉक्टर (बुधवार, रात्री ११.५०)

मी एमबीबीएस, जनरल प्रॅक्टिस, नागपुरातच. धंतोलीत, म्हणजे बड्या दवाखान्यांच्या भागात, बसत नाही म्हणून हे नाव. ओपीडी आत्ता संपली, त्यामुळे विस्कळीत लिहीन.

आधी बाबूजींचं. तुमच्या डॉक्टरांवर रागावू नका. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात कोणती औषधं दुरून लिहिता येतात याच्या याद्या आहेत. अमली आणि मनावर परिणाम करणाऱ्या औषधांच्या कायद्यात येणाऱ्या गोळ्या सर्वसाधारणपणे बंद. झोपेच्या बऱ्याच गोळ्या त्यातल्याच. २० वर्षांची ओळख असो नाहीतर सोयरीक असो. आणि नाव-पत्ता विचारला तेही त्याच नियमाने. दुरून तपासताना डॉक्टर आणि पेशंट दोघांनाही एकमेकांची ओळख पटलेली असली पाहिजे, निनावी चालत नाही. तुम्हीही उलट त्या पोराचा नोंदणी क्रमांक बघायचा. तो चिठ्ठीवर असलाच पाहिजे.

आता ताईंचं. याच नियमात ओळखीची एक व्याख्या आहे, आणि ती ऐकून तुमच्या आईंना आवडणार नाही. त्याच आजारासाठी, त्याच डॉक्टरांनी, सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष तपासलेलं असेल तरच तो फॉलोअप. सहा महिने उलटले की तीस वर्षांचे डॉक्टरकाकाही कागदोपत्री पहिल्यांदा भेटणारेच. मला सुरुवातीला हा नियम कोरडा वाटला होता. आता वाटत नाही. सहा महिन्यांत पाय सुजतो, वजन उतरतं, किडनी मंदावते. किडनी मंदावली की ग्लिमेपिराइडसारखी गोळी अंगात जास्त रेंगाळते आणि जी मात्रा दहा वर्षं चालली तीच जड होते. चेहऱ्यावरून झोप कळते, क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्तातली मोजणी) कळत नाही.

त्या परभणीच्या बाईंनी काम चोख केलं. पण त्यांना ते जमलं याचं एक कारण हेही की त्यांना काहीच माहीत नव्हतं, म्हणून सुरुवातीपासून विचारावं लागलं. मला माझ्या जुन्या पेशंटना "आज काय खाल्लं" विचारायचं सुचत नाही. मला वाटतं मला माहीत आहे. गेल्या श्रावणात माझ्याच एका आजोबांचं असं झालं, १८ वर्षांचे पेशंट, आणि ते इन्सुलिन अर्धंच घेतात हे मला त्यांच्या सुनेनं सांगितलं. त्यांनी मला कधी सांगितलं नाही, कारण डॉक्टरला वाईट वाटेल! माझ्या प्रेमापोटी शुगर ३०० वर ठेवली होती त्यांनी.

आणि उपासाबद्दल आमचीच जात चुकते. "उपास सोडा" म्हणून ओरडलं की उपास सुटत नाही, फक्त आम्हाला सांगणं सुटतं. ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतेच. त्यामुळे उपासाच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची, कोणती नाही, किती वाजता, हे आधी ठरवून देता येतं. उपासात साखर फार खाली नेण्याची शक्यता कमी असलेली दुसरी औषधंही आहेत. पण हे मी इथे तुमच्या आईंसाठी ठरवणार नाही. मी त्यांना बघितलेलं नाही, आणि मीही अनोळखीच.

माझं मत विचाराल तर प्रत्यक्ष तपासायला नागपुरातला एक जवळचा डॉक्टर धरा, तीन-चार महिन्यांतून एकदा. काकांचा मंगळवारचा कॉल बंद करू नका, त्यांना तुमच्या आईंची ३० वर्षं माहीत आहेत, ते फाईलमध्ये मिळत नाही. अ‍ॅप अडीनडीला. पण अ‍ॅपवर बसायच्या आधी एका कागदावर आजार, गोळ्यांची नावं, मात्रा आणि उपासाचे वार लिहून ठेवा आणि तो कागद कॅमेऱ्यासमोर धरा. मिहानवाल्याचं मलम लागू पडलं, छान. पण तीच खाज परत आली तर हाताने तपासणाऱ्याला दाखव, कट्ट्यावर न बसणारा एखादा शोध.

निवृत्त_बाबू (गुरुवार, सकाळी ७.१०)

डॉक्टरसाहेब, कळलं. राग गेला. झोप मात्र अजून येत नाही.

मनीषनगरवाली (शनिवार, रात्री ९.३०)

मंडळी, घडलेलं सांगते.

शुक्रवारी काकांचा कॉल होता. मी आईला सकाळीच सांगितलं की आज मी बोलणार, शपथ घातली असलीस तरी. ती दुपारभर माझ्याशी बोलली नाही. चादर मात्र बदलली. कॉल लागला, काकूंच्या गुडघ्यांचं झालं, आणि "तब्येत कशी" आलं. मी तोंड उघडायच्या आत आईच म्हणाली, "भावजी, मी सोमवार सोडलेले नाहीत." एका दमात. संकष्टीचंही सांगितलं. ५८ चा आकडा मी सांगितला.

काका बराच वेळ काही बोललेच नाहीत, मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, "वहिनी, बारा वर्षं?" आई म्हणाली, "तेरा." आणि दोघं हसायला लागले, मला कळेना काय करावं. नंतर मात्र ते चांगलेच गंभीर झाले. गेल्या १४ महिन्यांत मी तुमच्या पोटाला हात लावलेला नाही, इथून मात्रा बदलणं मला पटत नाही, म्हणाले. रामदासपेठेत त्यांचे एक विद्यार्थी फिजिशियन आहेत, त्यांना स्वतः फोन केला. तोवर उपासाच्या दिवशी ती एक गोळी घ्यायची नाही आणि सकाळ-दुपार काहीतरी खायचं, असं ठरलं. खायचं म्हणजे काय यावर पुन्हा घासाघीस झाली, भगर मान्य, साबुदाणा वाटीभरच.

मी म्हटलं, नवीन डॉक्टर म्हणजे पुन्हा अनोळखीच. तर आई म्हणते, "अनोळखी कसा, भावजींचा विद्यार्थी आहे तो." म्हणजे ओळखीचा.

कागद तयार केला. गोळ्या, मात्रा, वार. आईनं तो वाचला आणि खाली स्वतःच्या हातानं "चतुर्थी (अंगारकी असल्यास कडक)" असं लिहिलं. मी "कडक" खोडलं. परत लिहिलं तिनं.

रामदासपेठेची वेळ येत्या गुरुवारची मिळाली आहे. गुरुवारी तिचा उपास नसतो, हे मी यावेळी आधी विचारून घेतलं. आता फक्त जुने केसपेपर शोधायचे आहेत. दवाखाना बंद झाला तेव्हा ते कंपाउंडरनं पोत्यात भरून घरी नेले म्हणे, जुनी शुक्रवारीत राहतो. उद्या सकाळी ऊन चढायच्या आत जाऊन येते.